घटक ४ : वाचकाचे मत आणि विसाव्या शतकातील मराठी कथा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• वाचकाची आवडनिवड आणि वाचकाचे साधार मत यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• विसाव्या शतकातील मराठी कथेच्या वाटचालीत वाचकांच्या अपेक्षा कशा बदलत गेल्या, हे सांगता येईल.
• 'भीषण', 'प्रचारकी', 'दुर्बोध' यांसारख्या शेऱ्यांची कथेच्या आधारे पारख करता येईल.
• एखाद्या कथेविषयीचे स्वतःचे मत कथेतील पुरावे देऊन लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण कथानक, पात्रे, वातावरण आणि निवेदन या कथेच्या अंगांचा परिचय करून घेतला. या घटकात आपण कथेच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे कथा वाचणाऱ्या व्यक्तीकडे वळणार आहोत. ती व्यक्ती म्हणजे आपण स्वतः.

कथेवरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना अनेक विद्यार्थी पुढील प्रकारचे वाक्य लिहितात : 'सदर कथा अत्यंत हृदयस्पर्शी असून लेखकाने समाजाचे वास्तव चित्रण प्रभावीपणे केले आहे.' हे वाक्य चुकीचे नाही. परंतु ते कोणत्याही कथेखाली लिहिता येते. कथेचे नाव बदलले तरी वाक्यातील एक अक्षरही बदलावे लागत नाही. याचा अर्थ असा, की हे वाक्य लिहिण्यासाठी ती कथा वाचलेली असण्याची गरज नाही.

असे वाक्य लिहिले जाते त्यामागे बहुधा आळस नसतो, संकोच असतो. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला वाटते, 'माझ्या मताला काय किंमत? समीक्षकांनी म्हटले आहे तेच लिहिलेले बरे.' हा संकोच दूर करणे हा या घटकाचा हेतू आहे. कथेविषयी मत बनवण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे. मात्र या अधिकाराबरोबर एक जबाबदारी येते : आपले मत कथेत कशावर उभे आहे, हे दाखवून देण्याची.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ आवड, मत आणि साधार मत

कथा वाचून संपताच मनात जे उमटते ती आवड किंवा नावड. 'कथा आवडली', 'कथा कंटाळवाणी वाटली' ही वाक्ये वाचकाच्या मनाविषयी सांगतात. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण आपल्याला काय वाटले हे आपल्यावाचून कोणाला ठाऊक असणार?

'ही कथा भडक आहे' असे आपण म्हणतो तेव्हा मात्र आपण कथेविषयी बोलू लागतो. हे मत झाले. त्याच्याशी दुसरा वाचक असहमत होऊ शकतो आणि 'कशावरून?' असे विचारू शकतो. या प्रश्नाला कथेतील प्रसंग, शब्दयोजना, निवेदकाचे स्थान किंवा शेवट यांच्या आधारे उत्तर दिले, की मत साधार होते. साहित्याच्या अभ्यासात अपेक्षित असते ते हे साधार मत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधार मताचा उगम आवडीनिवडीतच असतो. जी कथा आपल्याला मुळीच स्पर्श करत नाही तिच्याविषयी सांगण्यासारखे काही सुचत नाही. म्हणून पहिली प्रतिक्रिया दडपून टाकू नये. ती वहीच्या समासात लिहून ठेवावी आणि मग कथा पुन्हा वाचून तिचे कारण शोधावे.

४.२.२ वाचकांच्या अपेक्षा : एक धावता आढावा

वाचक कोऱ्या मनाने कथा वाचत नाही. आधी वाचलेल्या कथांनी त्याच्या मनात 'कथा अशी असते' ही कल्पना रुजवलेली असते. नवी कथा त्या कल्पनेत बसली नाही, तर पहिले मत बहुधा प्रतिकूल होते. मराठी कथेच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यातून आलेल्या त्यांच्या 'स्फुट गोष्टीं'मुळे वाचकांना आपल्या भोवतालचे जीवन गोष्टीत पाहण्याची सवय लागली. पुढे दिवाकर कृष्ण यांनी 'समाधी आणि इतर सहा गोष्टी' या संग्रहातून कथेला पात्रांच्या अंतर्मनाकडे वळवले. ना. सी. फडके यांनी कथेच्या तंत्राचा आग्रह धरला : चटकदार आरंभ, वाढती उत्कंठा आणि अपेक्षित परिणाम साधणारा शेवट. वि. स. खांडेकर यांनी जीवनमूल्यांचा आणि ध्येयवादाचा आग्रह धरला. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद या दोन नावांशी जोडला गेला. दोघांची मते भिन्न असली, तरी कथेने वाचकाला एका निश्चित ठिकाणी नेऊन पोहोचवावे, ही अपेक्षा दोघांच्याही वाचकांत दृढ झाली.

याच काळात, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांच्या मनातील घुसमट या कथांनी उघडपणे मांडली आणि मोठी खळबळ उडाली. पुष्कळशी चर्चा 'हे लिहिणारी व्यक्ती कोण?' या प्रश्नाभोवती फिरली. पुढे या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर हे सर्वांना कळले. आपल्या दृष्टीने या घटनेचा बोध असा, की कथेविषयी मत देत असल्याच्या समजुतीत वाचक अनेकदा लेखकाविषयी मत देत असतो.

१९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनाने 'नवकथा' आकाराला आली. 'सत्यकथा' मासिकाने तिला व्यासपीठ दिले. गाडगीळांच्या अनेक कथांत घटना अल्प आणि मनातील हालचाली अधिक असतात. उत्कंठा आणि कलाटणी यांची सवय जडलेल्या वाचकाला 'यात गोष्टच नाही' असे वाटणे स्वाभाविक होते. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकाने वेगळ्या रीतीने सवय मोडली. दुष्काळी मुलुखातील माणसे त्यात आली, पण कणव भाकण्यासाठी नव्हे किंवा ग्रामजीवनाचे रम्य चित्र रंगवण्यासाठीही नव्हे. निवेदक जे पाहिले ते थोड्या शब्दांत सांगतो आणि थांबतो. दुःखाचे वर्णन भरभरून करणाऱ्या कथेला सरावलेल्या वाचकाला हे लेखन कोरडे वाटू शकते. त्या थांबण्याकडे लक्ष दिले, की तेच लेखन अधिक बोचू लागते.

या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. 'ही कथाच नव्हे' असे मत मनात आले, की दोन शक्यता असतात. कथा खरोखर फसलेली असेल, किंवा आपली अपेक्षा जुनी असेल. यांपैकी काय खरे आहे, हे कथेकडे परत गेल्याशिवाय ठरत नाही.

४.२.३ 'भीषण' या शेऱ्याची पारख : 'स्मशानातील सोनं'

आता एका कथेच्या आधारे हे काम प्रत्यक्ष करून पाहू. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा वारणाकाठचे गाव सोडून बायको आणि मुलगी यांच्यासह मुंबईला येतो. अंगात प्रचंड ताकद असलेला हा माणूस दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते आणि कुटुंब उपासमारीच्या दारात उभे राहते. एके दिवशी त्याला स्मशानातील राखेत सोन्याची अंगठी सापडते. त्यानंतर तो राख चाळू लागतो आणि पुढे पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री प्रेतावर तुटून पडणाऱ्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते, आणि प्रेताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. अखेर त्याला दोन बोटे गमवावी लागतात. आणि नेमकी त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

ही कथा वाचून 'अंगावर काटा आला, पुन्हा वाचवणार नाही' अशी प्रतिक्रिया येणे साहजिक आहे. ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. आता या प्रतिक्रियेला पुढील प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : भीषणता कशासाठी आली आहे? ती केवळ वाचकाला हादरवण्यासाठी असती, तर कोल्ह्यांच्या झुंजीपाशी कथा संपली असती. परंतु कथा तेथे न थांबता डॉक्टर, बोटे आणि खाणीची बातमी यांपर्यंत जाते. म्हणजे लेखकाचा रोख स्मशानावर नसून कामावर आहे.

दुसरा प्रश्न : भीमाची ताकद कथेत एवढी का सांगितली आहे? खाणीत डोंगर फोडणारे हात आणि स्मशानात प्रेत उकरणारे हात एकच आहेत. काम असताना जी ताकद माणसाला मान देते, तीच ताकद काम गेल्यावर त्याला कोठे नेते, हे कथा दाखवते. पैलवानासारखा हा माणूस अखेरीस लहान मुलाप्रमाणे रडतो, ते वेदनेमुळे नव्हे. काम परत आले तेव्हा काम करणारा हात अधू झाला, हे त्याला रडवते.

तिसरा प्रश्न : लेखक भीमाला दोषी ठरवतो का? भीमाची पत्नी त्याच्या या उद्योगाने धास्तावते, लोकही भुताखेतांची भीती घालतात. भीमाला मात्र मेलेल्यांपेक्षा जिवंत माणसांच्या जगाचीच भीती अधिक वाटते. निवेदक यांपैकी कोणाच्याही बाजूने उपदेश करत नाही. न्यायाचे काम तो वाचकावर सोपवतो.

या तीन उत्तरांनंतर 'भीषण कथा' हे मत पुसले जात नाही. ते अधिक नेमके होते. भीषणता हा या कथेचा विषय नसून तिचे साधन आहे, असे आपण आता पुराव्यासह म्हणू शकतो.

त्याच वेळी आक्षेपही नोंदवता येतो. बोटे गेली आणि त्याच क्षणी खाण सुरू झाली, हा योगायोग काही वाचकांना जुळवून आणलेला वाटेल. हा आक्षेप साधार आहे, कारण तो कथेतील विशिष्ट स्थळाकडे बोट दाखवतो. मोठ्या लेखकाच्या कथेवर असा आक्षेप घेतल्याने उत्तराचे मोल कमी होत नाही.

४.२.४ 'प्रचारकी' या शेऱ्याची पारख : 'जेव्हा मी जात चोरली होती'

बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित कथेच्या वाटचालीतील हा महत्त्वाचा टप्पा. अशा लेखनाला 'प्रचारकी', 'आक्रस्ताळे', 'कलादृष्ट्या उणे' असे शेरे अनेकदा दिले गेले. हे शेरे उचित आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी शीर्षककथा पाहू.

कथेतील निवेदक गुजरातमधील उधना येथे रेल्वेत नोकरीला येतो. तो शिकलेला आहे, कविता करतो. सहकारी त्याला उच्च जातीचा समजून मान देतात, घरी बोलावतात. निवेदक खरे सांगत नाही. याच ठिकाणी काशीनाथ सकपाळ हा दुसरा कामगार आहे. तो आपली जात लपवत नाही आणि त्यामुळे सतत अपमान व मारहाणीच्या छायेत, पण ताठ मानेने वावरतो. अखेर निवेदकाची जात उघड होते, त्याला मार बसतो आणि काशीनाथच त्याला सोडवतो.

प्रचारकी लेखनाची एक सोपी कसोटी सांगता येते : आपल्याला मान्य असलेल्या बाजूला ते कधीही अडचणीचा प्रश्न विचारत नाही. बागुलांची कथा नेमके हेच करते. अन्याय करणारे कोण आहेत याविषयी तिच्या मनात संदेह नाही. परंतु तिचा निवेदकही निर्दोष नाही. मिळालेला मान त्याला सुखावतो आणि त्याच वेळी टोचतो. काशीनाथाचा अपमान होत असताना त्याला त्याच्या बाजूने उघडपणे, आपल्या नावाने उभे राहता येत नाही. शीर्षकातील 'चोरली' या क्रियापदाकडे पाहा. जी गोष्ट स्वतःचीच आहे ती माणूस चोरतो कशी? 'लपवली' असे म्हटले असते तर हा पेच निर्माण झाला नसता. या एका शब्दात समाजाने लादलेला गुन्हा आणि निवेदकाच्या मनातील अपराधभाव एकत्र आले आहेत.

काही प्रसंगांतील भाषा उंच स्वरातील आहे, असे मत या कथेविषयी कोणी मांडले, तर तेही ऐकून घ्यावे आणि त्या प्रसंगात वेगळा स्वर शक्य होता का, हे पाहावे. परंतु केवळ संतापाचे कारण स्पष्ट आहे म्हणून कथेला प्रचारकी म्हणणे हे मत कथेतून आलेले नसते.

येथे थोडे थांबून स्वतःलाही विचारावे : मी या कथेतील कोणासारखा आहे? घरी बोलावून मान देणाऱ्या आणि जात कळताच बदलणाऱ्या माणसांत माझे कोणी आहे का? या प्रश्नाचे उत्तर उत्तरपत्रिकेत लिहिण्याची गरज नाही. पण त्याला सामोरे न जाता या कथेविषयी दिलेले मत अपुरे राहण्याचा संभव असतो.

४.२.५ स्वतःचा अनुभव : साहाय्य आणि अडथळा

आपल्यापैकी अनेकांना नियमित महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडे नसलेली एक गोष्ट लाभलेली आहे, ती म्हणजे जगलेल्या आयुष्याची शिदोरी. कारखाना बंद पडल्यावर घरात काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला भीमाचे रडणे समजावून सांगावे लागत नाही. शिक्षण झाले, नोकरी लागली, तरी मनातले बोलायला जागा नाही, हे जिने अनुभवले आहे, ती 'कळ्यांचे निःश्वास' वेगळ्या नजरेने वाचेल. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकातील दीर्घकथा विशीत आणि चाळिशीत वाचणाऱ्यांना सारख्याच भावतील असे नाही.

मात्र अनुभव अडथळाही ठरू शकतो. 'माझ्या गावात असे घडत नाही, म्हणून कथा खोटी' किंवा 'माझ्या बाबतीत असेच घडले, म्हणून कथा श्रेष्ठ' ही दोन्ही मते कथेला बाजूला सारतात. अनुभवाने कथेचे दार उघडावे. आत गेल्यावर मात्र तेथे काय आहे ते पाहावे.

४.२.६ न समजलेल्या कथेविषयी मत

काही कथा पहिल्या वाचनात समजल्यासारख्या वाटत नाहीत. धारवाड येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी यांच्या अनेक कथांविषयी हा अनुभव येतो. 'पिंगळावेळ' या संग्रहातील 'स्वामी' ही कथा पाहा. एका प्रवाशाला मठात आदराने नेले जाते आणि 'स्वामी' म्हणून भूमिगत जागेत कायमचे कोंडले जाते. त्याला सर्व सुखसोयी मिळतात, बाहेर पडण्याचा मार्ग तेवढा मिळत नाही. त्या कोंडल्या जागेत तो एक वेल जोपासतो आणि वेल उजेडाच्या दिशेने वाढत जातो.

एक वाचक म्हणेल, माणसाच्या अटळ कोंडीची ही कथा आहे. दुसरा म्हणेल, कोंडीतही जीवनाची ओढ टिकते, अशी ही कथा आहे. पहिल्याच्या बाजूने कधीच न उघडणारे दार आहे, दुसऱ्याच्या बाजूने वेल आहे. दोन्ही मते साधार आहेत. परंतु 'मठातील त्यागी जीवनाचा ही कथा गौरव करते' असे तिसरा म्हणाला, तर त्याला आधार सापडणार नाही, कारण नायकाने त्याग केलेला नसून त्याच्याकडून सर्वस्व हिरावले गेले आहे. कथेला अनेक अर्थ असू शकतात. याचा अर्थ कोणताही अर्थ चालतो असा होत नाही.

'मला ही कथा येथपर्यंत समजली, या प्रतिमेपाशी मी अडलो' असे प्रामाणिकपणे लिहिणे हेही साधार मतच आहे. 'दुर्बोध' हा एकच शब्द लिहून कथा मिटवण्यापेक्षा ते निश्चितच अधिक उपयुक्त आहे.

४.२.७ मत कसे लिहावे? एक नमुना

पुढील दोन उत्तरे ताडून पाहा.

उत्तर अ : 'स्मशानातील सोनं' ही अत्यंत प्रभावी व हृदयद्रावक कथा आहे. लेखकाने गरिबीचे विदारक चित्रण केले आहे. शेवट मनाला चटका लावतो.

उत्तर आ : 'स्मशानातील सोनं' वाचताना मला प्रथम किळस आली. पुन्हा वाचल्यावर लक्षात आले, की भीमाच्या ताकदीचा उल्लेख आरंभापासून येतो आणि शेवटी तीच ताकद निरुपयोगी होते. त्यामुळे ही कथा मला गरिबीपेक्षा बेकारीची वाटते. शेवटचा योगायोग मला थोडा जुळवलेला वाटला, तरी त्यामुळेच भीमाच्या हानीचे स्वरूप स्पष्ट होते.

दुसऱ्या उत्तरात विशेषणे थोडी आहेत. पहिली प्रतिक्रिया, कथेतील आधार, त्यातून निघालेले मत आणि एक आक्षेप अशा चार पायऱ्या त्यात दिसतात. हे उत्तर दुसऱ्या कोणत्याही कथेखाली चालणार नाही. आपले उत्तर तपासण्यासाठी हीच खूण ध्यानात ठेवावी.

४.३ समारोप

या घटकात आपण आवडीकडून साधार मताकडे जाण्याची वाट पाहिली. मराठी कथेने विसाव्या शतकात वाचकांच्या अपेक्षा अनेकदा मोडल्या आणि वाचकांना नव्याने वाचायला शिकवले, हे आपल्या ध्यानात आले. 'भीषण', 'प्रचारकी', 'दुर्बोध' हे शेरे अंतिम निकाल नसून कथेकडे परत जाण्याची निमित्ते आहेत. समीक्षकांची मते जरूर वाचावीत, परंतु आपली प्रतिक्रिया नोंदवून झाल्यावर. त्यांच्याशी आपले मत जुळले नाही, तर घाबरून जाऊ नये; दोघांचेही आधार कथेत शोधावेत.

४.४ पारिभाषिक शब्द

निवेदक : कथेत कथा सांगणारा, तो आणि लेखक एकच असतील असे नाही.
नवकथा : १९४५ च्या सुमारास मराठीत रूढ झालेले, घटनेपेक्षा अनुभवाच्या रूपाला महत्त्व देणारे कथालेखन.
साधार मत : कथेतील स्थळांचा आधार देऊन मांडलेले वाचकाचे मत.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. आवड आणि साधार मत यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. 'जेव्हा मी जात चोरली होती' या शीर्षकातील 'चोरली' या शब्दाचे महत्त्व सांगा.
३. वाचकाचा स्वतःचा अनुभव कथेच्या आकलनात अडथळा कसा ठरू शकतो?

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्याला न आवडलेली विसाव्या शतकातील एक मराठी कथा निवडा. ती पुन्हा वाचा आणि घरातील किंवा शेजारच्या एका व्यक्तीला वाचून दाखवा. दोघांच्या प्रतिक्रिया लिहून घ्या. त्या कोठे जुळल्या, कोठे वेगळ्या झाल्या आणि त्याला कथेत कोणता आधार आहे, याविषयी दोन पृष्ठांचे टिपण तयार करा. आपले पहिले मत बदलले असेल तर कशामुळे बदलले, आणि कायम राहिले असेल तर कशाच्या बळावर, हे त्यात अवश्य नोंदवा.